आई-वडिलांना ठाण्यात आणताय? मग आजारपणाआधी ही कामं उरका

चार वर्षांपूर्वी गुहागरजवळच्या गावातलं घर बंद करून माझे सासू-सासरे, माई आणि अण्णा, आमच्याकडे घोडबंदर रोडला राहायला आले. दोन ट्रंका, देव्हारा आणि औषधांची एक कापडी पिशवी एवढंच सामान होतं. ती पिशवी मी उचलून कपाटावर ठेवली, उघडली नाही. तिसऱ्याच आठवड्यात पहाटे अण्णांना घेरी आली, बाथरूमच्या उंबऱ्यावर पडले आणि डोक्याला खोक पडली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?" पिशवीत आठ-नऊ प्रकारच्या गोळ्या निघाल्या. निम्म्या पट्ट्या कापून घेतलेल्या, नावाचा तुकडा गावच्या मेडिकलमध्येच राहिलेला. माई म्हणाल्या, "सकाळची पांढरी आणि रात्रीची गुलाबी." गावच्या डॉक्टरांचा फोन लागेपर्यंत पाऊण तास गेला.

अण्णा बरे झाले. पण त्या पाऊण तासानंतर मी एकेक गोष्ट शोधत, विचारत, चुकत गेले. सोयी पुष्कळ आहेत, फक्त त्या एका खिडकीवर मिळत नाहीत आणि रात्री दोन वाजता तर नाहीच. म्हणून घरातली म्हातारी माणसं ठणठणीत असतानाच हे सगळं करून ठेवा. मी ज्या क्रमाने केलं तो चुकीचा होता, म्हणून जो क्रम बरोबर ठरला असता तो इथे लिहिते आहे.

१. औषधांची पिशवी उलटी करा

हे काम आजच करा, त्याला कुठलाही कागद लागत नाही. टेबलावर वर्तमानपत्र पसरा आणि सगळ्या गोळ्या, थेंब, काढे, मलमं त्यावर ओता. मग आई-वडिलांनाच समोर बसवून प्रत्येक औषधाबद्दल विचारा: कशासाठी, कुणी दिलं, किती वर्षांपासून, रोज घेता की दुखलं तरच?

एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: औषधाचं कंपनीचं नाव, त्याखाली बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, केव्हा. मूळ नाव लिहायला विसरू नका. गावात एका कंपनीची गोळी चालू असते, ठाण्यातला डॉक्टर तेच औषध दुसऱ्या कंपनीचं देतो, आणि घरातलं म्हातारं माणूस जुनी संपवायची म्हणून दोन्ही घेतं. माईंची रक्तदाबाची गोळी अशी तीन आठवडे दुप्पट जात होती. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि आम्हाला वाटायचं, इथलं पाणी मानवलं नसेल.

यादीत तीन गोष्टी हमखास सुटतात. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून स्वतःच आणलेली वेदनाशामक गोळी ही पहिली. ती रोज घेतली तर मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तदाबही वाढू शकतो, त्यामुळे डॉक्टरांना ती कळलीच पाहिजे. दुसरी झोपेची गोळी, जी माणसं लाजेने सांगत नाहीत. तिसरे काढे आणि चूर्ण, ज्यांना कुणी औषध समजतच नाही.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती ओळ लाल पेनने लिहा. अशा माणसाच्या डोक्याला मार लागला तर वरून काही दिसत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. ॲलर्जी असेल तर तीही लाल अक्षरात.

मग हा कागद आणि पिशवी घेऊन घराजवळच्या एका फॅमिली डॉक्टरकडे जा आणि त्यांना सांगा, "आजारी नाही, यादी तपासून द्या." गुडघ्याचा, डोळ्याचा, हृदयाचा असे वेगवेगळे डॉक्टर असले, की सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकत्र पाहणारा एक माणूस लागतो. आमच्या डॉक्टरांनी दोन गोळ्या बंदच केल्या. तुम्ही मात्र स्वतःच्या मनाने काही बंद करू नका.

खर्च कमी करायचा असेल तर जनऔषधी केंद्रात, म्हणजे स्वस्त औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानात, मूळ नाव दाखवून औषध मागा. जनऔषधी सुगम या ॲपवर जवळचं केंद्र आणि औषधाची किंमत दोन्ही दिसतं. आणि कुठेही पट्टी कापून घेतलीत तरी नावाचा आणि मुदतीच्या तारखेचा तुकडा मागून घ्या.

२. आधार कार्ड आधी, बाकी सगळं नंतर

पुढच्या जवळजवळ प्रत्येक योजनेचं कुलूप आधारने उघडतं, आणि म्हाताऱ्या माणसांचं आधार बहुतेक वेळा अडकतं ते तीन ठिकाणी.

मोबाईल नंबर. गावी असताना कुणीतरी पुतण्याचा किंवा दुकानदाराचा नंबर दिलेला असतो. ओटीपी त्याच्याकडे जातो. नंबर बदलायला वेगळा पुरावा लागत नाही, पण माणूस स्वतः हवा. बाहेर नेणं कठीण असेल तर पोस्टात विचारा, पोस्टमन घरी येऊनही मोबाईल नंबर बदलून देतात.

नाव. रेशनकार्डावर माई 'लक्ष्मीबाई' आणि आधारवर नुसत्या 'लक्ष्मी' होत्या. एवढ्या फरकावर अर्ज परत येतो.

जन्मतारीख. पुष्कळांच्या आधारवर नुसतं साल असतं, तेही अंदाजाने सांगितलेलं. वयाच्या योजनांत वय आधारवरूनच मोजतात. तारीख दुरुस्त करायची संधी सहसा एकदाच मिळते, म्हणून पासपोर्ट किंवा पेन्शनचे कागद असा पक्का पुरावा हातात असल्याशिवाय घाई करू नका.

शेतात, चुलीपाशी राबलेल्या हातांच्या बोटांचे ठसे पुसट होतात आणि मशीन ते घेत नाही. अण्णांना त्या दिवशी फार अपमान वाटला. अशा वेळी चेहरा किंवा डोळ्यावरून ओळख पटवायला सांगा, ती सोय आहे.

३. पाच लाखांची दोन कवचं

सत्तरी पूर्ण झालेल्या प्रत्येकासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ते सुरू झालं. यात उत्पन्नाची अट नाही. बंगल्यात राहणाऱ्यालाही मिळतं आणि चाळीत राहणाऱ्यालाही. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे भरती होऊन घ्यायचे उपचार यात येतात आणि आधीपासूनच्या आजारासाठी थांबावं लागत नाही. आयुष्मान ॲपवरून घरीच काढता येतं, फक्त आधार लागतं. खाजगी मेडिक्लेम असला तरी चालतं. केंद्र सरकारची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस सोय असेल तर मात्र दोन्हींतलं एक निवडावं लागतं, आणि ही निवड विचारपूर्वक करा.

घरात नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर ५ लाख दोघांत मिळून आहेत, प्रत्येकी नव्हेत. कार्ड दोघांचीही वेगवेगळी काढायची.

सत्तरीच्या आतल्यांसाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. माई अडुसष्टच्या, त्यांचं सगळं यातून. पूर्वी ही मुख्यतः पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डवाल्यांपुरती होती. आता पांढऱ्या कार्डालाही लागू आहे आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख आहे. रेशनकार्ड गावचं असलं तरी ते महाराष्ट्राचंच असतं, त्यासाठी ठाण्यात नाव हलवायची धावपळ करू नका. त्या कार्डावर तुमच्या माणसाचं नाव आहे ना, एवढं पाहा. मुलीच्या लग्नानंतर, मुलगा वेगळा झाल्यावर नावं काढताना म्हाताऱ्यांचंच नाव गळालेलं मी पाहिलं आहे.

आता यातले खरे खड्डे. हॉस्पिटल योजनेत आहे म्हणजे सगळे आजार तिथे योजनेत आहेत असं नाही. एखादं हॉस्पिटल फक्त हृदयरोगासाठी किंवा फक्त मूत्रपिंडासाठी योजनेत असतं. म्हणून रिसेप्शनला विचारू नका, तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाला, भेटा आणि आजाराचं नाव सांगून विचारा. हे भरती होताना करायचं, डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात आल्यावर नव्हे. दुसरं, बाहेरून केलेल्या साध्या तपासण्या, महिन्याची औषधं, फी यातलं काही या कार्डांवर निघत नाही. तो खर्च घरातूनच करायचा आहे असं धरून चाला.

अडलात तर आयुष्मानसाठी १४५५५ आणि फुले योजनेसाठी १५५३८८ हे फोन आहेत.

कार्ड काढून देतो म्हणून पैसे मागणारा किंवा फोनवर ओटीपी मागणारा सरकारी माणूस नव्हे. आमच्या मजल्यावरच्या एका आजींना असा फोन आला होता. घरातल्यांना हे चार वेळा सांगा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

खाजगी मेडिक्लेम घ्यावा का, असं मला पुष्कळजण विचारतात. १ एप्रिल २०२४ पासून पासष्टीनंतरही नवी पॉलिसी घेता येते, पण आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. पॉलिसीच्या अर्जावर (प्रपोजल फॉर्मवर) मधुमेह, रक्तदाब सगळं खरं लिहा, एजंट "काही लिहू नका" म्हणाला तरी.

४. हॉस्पिटल दोन ठरवा: एक घाईचं, एक सवडीचं

घाईचं हॉस्पिटल म्हणजे जिथे तुम्ही रात्री सर्वांत आधी पोहोचू शकता ते. ठाण्यात हे नकाशावरच्या किलोमीटरवर ठरत नाही. घोडबंदर रोडवर पातलीपाड्याहून माजिवड्याकडे यायला पहाटे दहा मिनिटं लागतात आणि संध्याकाळी तासही पुरत नाही. आपल्याच बाजूचं, यू-टर्न न घेता पोहोचता येणारं हॉस्पिटल निवडा. तिथे एकदा शांतपणे जाऊन तीनच गोष्टी विचारा: रात्री सीटी स्कॅन चालू असतं का, आयसीयू आहे का, आणि इमर्जन्सीचं दार कुठल्या बाजूला आहे.

सीटी स्कॅनचं एवढ्यासाठी विचारायचं, की तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलता येईना, बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघाताचा झटका असू शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं आणि त्याआधी स्कॅन करावाच लागतो. झोपून बरं वाटेल म्हणून थांबू नका, पाणी किंवा गोळी तोंडात घालू नका, आणि माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवा. डॉक्टर तीच विचारतात.

अँब्युलन्ससाठी १०८, ती मोफत आहे. सोसायटीच्या वॉचमनला आधीच सांगून ठेवा, म्हणजे गेटवर नोंदवहीत मिनिटं जाणार नाहीत. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का तेही पाहा. आमच्या इमारतीत दोनपैकी एकाच लिफ्टमध्ये मावतं, हे आम्हाला त्या पहाटे कळलं.

सवडीचं हॉस्पिटल म्हणजे ठरवून करायच्या ऑपरेशनचं, मोठ्या तपासण्यांचं. ठाण्यात जिल्हा शासकीय रुग्णालय, ज्याला सगळे सिव्हिल म्हणतात, आणि कळव्याचं महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. नवी मुंबईत वाशी, नेरूळ आणि ऐरोलीला महापालिकेची रुग्णालयं आहेत. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, म्हणजे सिव्हिलमध्ये. महापालिकेच्या रुग्णालयांना तो नियम नाही, त्यांचे दर वेगळे. आणखी एक, नव्या इमारतीसाठी सिव्हिल २०२३ मध्ये मनोरुग्णालयाच्या आवारात हलवलं होतं. रिक्षावाल्याला नुसतं "सिव्हिल" न म्हणता, ज्या विभागात जायचं तो सध्या कुठे आहे हे विचारूनच निघा.

ओपीडीची रांग हा म्हाताऱ्या माणसाला खरा त्रास. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांची वेगळी रांग सांगितलेली आहे, खिडकीवर नम्रपणे पण ठाम विचारा. चौदा आकडी आभा नंबर, म्हणजे सरकारी आरोग्य ओळख क्रमांक, काढून ठेवला असेल तर पुष्कळ रुग्णालयांत क्यूआर कोड स्कॅन करून केसपेपरचा नंबर मिळतो.

५. पैसे कमी पडले तर

इथे बहुतेक नवी मंडळी अडखळतात, कारण आपण कुठल्या जिल्ह्यात राहतो हेच ठाऊक नसतं. वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली यांनाही लोक नवी मुंबईच म्हणतात, पण ती पनवेल महापालिकेत आणि रायगड जिल्ह्यात. उत्पन्नाचा दाखला, समाजकल्याणचा अर्ज, कलेक्टर ऑफिस सगळं त्याप्रमाणे बदलतं. माझी नणंद खारघरला राहते, तिने पूर्ण एक दिवस ठाण्यात फुकट घालवला.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून. हा आधीच काढून ठेवा. कारण धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा पहिल्यासाठी १ लाख ८० हजार, दुसऱ्यासाठी ३ लाख ६० हजार. तिथे समाजसेवा विभाग असतो, भरतीच्या दिवशीच तिथल्या मेडिकल सोशल वर्करला भेटा. मोठ्या काचेच्या इमारतीकडे पाहून हे आपल्यासाठी नसेल असं समजू नका, त्यातल्या काही ट्रस्टच्याच आहेत.

मुख्यमंत्री सहायता निधीतूनही गंभीर आजाराला मदत मिळते. तिथे उत्पन्नाची मर्यादा १ लाख ६० हजार आहे आणि हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं.

चष्मा, कानाचं यंत्र, वॉकर, कमोड खुर्ची यांसाठी पासष्टीपुढच्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच ३,००० रुपये बँक खात्यात मिळतात, कुटुंबाचं उत्पन्न २ लाखांच्या आत हवं. अर्ज जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात. सध्या अर्ज घेताहेत का ते आधी विचारा. वस्तू घेतल्याचं बिल जपा, ते नंतर द्यावं लागतं.

६. घर आणि घरात येणारी मदत

बाथरूममध्ये धरायला दोन स्टीलचे दांडे, ओल्या फरशीवर रबरी मॅट, पलंगापासून संडासापर्यंत रात्रीचा छोटा दिवा, आणि जिना-पायपुसण्यांची आवराआवर. खर्च थोडा, उपयोग मोठा.

घरी सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून माणूस ठेवताना आधी ठरवा, तुम्हाला नर्स हवी आहे की सांभाळणारी ताई. इंजेक्शन, ट्यूबमधून अन्न, जखमेचं ड्रेसिंग हे शिकलेल्या नर्सचं काम आहे. सांभाळणाऱ्या ताईंवर ते टाकणं तुमच्या माणसावर आणि त्यांच्यावरही अन्याय आहे. बारा तासांची पाळी की चोवीस, सुट्टी कोणती, जेवण कुणाचं, माणूस आला नाही तर बदली किती वेळात, हे कागदावर घ्या. पोलीस व्हेरिफिकेशन स्वतः करून घ्या, ब्युरोच्या शब्दावर राहू नका. आणि ताई आल्या की पहिले तीन दिवस घरातलं कुणीतरी सोबत राहा.

७. मनाकडेही लक्ष हवं

अण्णा गावात रोज संध्याकाळी देवळाच्या पारावर बसायचे. इथे आल्यावर सहा महिने बाल्कनीतून खाली बघत राहिले. जेवण कमी झालं, पहाटे तीनला जाग. आम्हाला वाटलं वयच झालं. फॅमिली डॉक्टरांनी सांगितलं की हे नैराश्य आहे आणि यावर उपचार आहे. वयानं माणूस थोडा हळू होतो, पण जगण्यातला रस जाणं हा वयाचा भाग नव्हे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.

त्यांना खरं बाहेर काढलं ते जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघाने. ठाण्यात बहुतेक भागांत असे संघ आहेत, नवी मुंबईत अनेक नोडमध्ये महापालिकेची विरंगुळा केंद्रं आहेत. पहिल्या दिवशी "जाऊन या" म्हणू नका, सोबत जा, दोन ओळखी होईपर्यंत थांबा. डोळ्यांचं शिबिर कुठे, कुठला डॉक्टर समजावून सांगतो, ही माहिती आता अण्णाच मला आणून देतात.

नावं विसरणं वेगळं आणि रोजच्या रस्त्यावर घर न सापडणं वेगळं. दुसरं झालं तर वाट पाहू नका, डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर खिशात पत्ता व फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवा. घरात त्रास, हाल होत असतील किंवा काहीच सुचत नसेल तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, रोज सकाळी ८ ते रात्री ८.

८. दाराजवळची फाइल

एक लाल फाइल घ्या आणि मुख्य दाराच्या आतल्या खिळ्याला पिशवीत टांगा. कपाटात कुलुपात ठेवू नका. त्यात:

- औषधांची यादी, वर तारीख घालून
- आधार, रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड, मेडिक्लेम असेल तर त्याचं कार्ड, प्रत्येकी दोन झेरॉक्स
- उत्पन्नाचा दाखला आणि बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत
- शेवटचा ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट, जुनी डिस्चार्ज समरी
- रक्तगट, फॅमिली डॉक्टरांचा, शेजारच्यांचा आणि वॉचमनचा नंबर
- चार पासपोर्ट फोटो

यातलं प्रत्येक पान फोनवर काढून घरातल्या तिघांना तरी पाठवून ठेवा. फाइल कुठे आहे हे आई-वडिलांना, शेजाऱ्यांना आणि कामाच्या ताईंना दाखवा, कारण नेमकं त्या वेळी घरात तुम्ही असालच असं नाही.

औषध बदललं की त्याच दिवशी नवी यादी लिहा आणि जुनी फाडून टाका. घरात दोन याद्या असल्या की घाईत जुनीच हाताला लागते.